‘शांतिकर्ता’ नावाची तोफ का फुटली?

ख्रिस्तसभेच्या जुन्या दिनदर्शिकेत डिसेंबरच्या ४ तारखेला संत बार्बरा या रक्तसाक्षी कुमारिकेचा सण असे. १९६९ साली सार्वत्रिक दिनदर्शिकेची फेररचना झाली, तेव्हा तिच्या चरित्राला पुरेसा ऐतिहासिक आधार नाही म्हणून तो सण वगळण्यात आला. तथापि जगभरच्या गोलंदाजांनी, खाणकामगारांनी आणि सुरुंग लावणाऱ्यांनी आपल्या या आश्रयदात्या संतेला अंतर दिले नाही. परंपरा सांगते की, तिच्या मूर्तिपूजक पित्याने स्वतःच्या हाताने तिचा शिरच्छेद केला आणि लागलीच आकाशातून वीज कोसळून तो भस्म झाला. अवचित आगीने येणाऱ्या मरणापासून तारणारी संत अशी तिची ख्याती झाली. पोर्तुगीज आणि स्पॅनिश भाषांत तर जहाजावरील दारूच्या कोठाराला तिचेच नाव पडले.

गोलंदाज या संतेचा धावा करीत, त्यामागे शत्रूचे भय होतेच. पण त्याहून जवळचे भय स्वतःच्या तोफेचे होते. स्कॉटलंडचा राजा दुसरा जेम्स १४६० साली रॉक्सबर्गच्या वेढ्यात मरण पावला, तो आपल्याच बाजूची तोफ शेजारी फुटली म्हणून. तोफ फुटली की तिच्याभोवतीची माणसे जात, आणि ती का फुटली हे सांगायला बहुधा कोणी उरत नसे. मग दैवाला बोल लावून दुसरी तोफ ओतली जाई.

शस्त्रांना पवित्र नावे देण्याची हौसही तितकीच जुनी आहे. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने १५१३ साली फ्रान्सवर स्वारी केली, तेव्हा त्याच्या बारा मोठ्या तोफांना बारा प्रेषितांची नावे होती. आपल्या वसईच्या किल्ल्यातील बुरुजही संतांच्या नावांनी ओळखले जात; १७३९च्या वेढ्यात सुरुंगाने ज्याला खिंडार पडले, तो बुरुज सान सेबास्तियनचा होता. नावाने संरक्षण मिळेल अशी त्या काळची श्रद्धा असावी. परंतु अमेरिकेत १८४४ साली एका तोफेला जे नाव दिले गेले, ते कोणा संताचे नव्हते. ते थेट प्रभू येशूच्या डोंगरावरील प्रवचनातून उचललेले होते. ‘पीसमेकर’, म्हणजे शांती करणारा, शांतिकर्ता. ती तोफ का फुटली आणि त्या ‘का’चा शोध कोणी कसा घेतला, याची कथा आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

‘प्रिन्स्टन’ ही अमेरिकन नौदलाची नवी युद्धनौका १८४३ साली पाण्यात उतरली. पाण्याखाली फिरणाऱ्या मळसूत्री पंख्यावर चालणारी ती त्या नौदलाची पहिली वाफेची युद्धनौका होती. तिच्यामागे दोन माणसे होती. एक कॅप्टन रॉबर्ट स्टॉक्टन, न्यू जर्सीच्या धनाढ्य घराण्यातला, राजकारणात वजन असलेला, महत्त्वाकांक्षी. दुसरा जॉन एरिक्सन, स्वीडनमध्ये जन्मलेला, इंग्लंडमार्गे १८३९ साली अमेरिकेत आलेला प्रतिभावान अभियंता. नौकेची योजना एरिक्सनची, आणि ती तडीस नेण्यासाठी लागणारा पैसा व वशिला स्टॉक्टनचा, अशी ती जोडी होती.

नौकेवर दोन प्रचंड तोफा चढवायच्या होत्या. दोन्हींच्या नळीचा व्यास १२ इंच. पहिली इंग्लंडमध्ये लिव्हरपूलजवळच्या मर्सी कारखान्यात एरिक्सनच्या आराखड्याप्रमाणे घडविली गेली. तिचे नाव ‘ओरेगॉन’. ५० पौंड दारूने २२५ पौंडांचा गोळा सुमारे पाच मैल फेकण्याची तिची शक्ती होती. त्या काळी बहुतेक तोफा बिडाच्या ओतीव असत. बीड कठीण, पण ठिसूळ. ते फुटले तर पूर्वसूचना न देता ठिकऱ्या होऊन उडते. घडीव लोखंड चिवट असते. ते फाटले तरी वाकत, उलत फाटेल, तुकडे उडणार नाहीत, असा समज होता. म्हणून या तोफा घडीव लोखंडाच्या केल्या.

‘ओरेगॉन’च्या चाचणीत तिला तडे गेले. एरिक्सनने तो इशारा मानला. त्याने तोफेच्या पिछाडीवर, म्हणजे जेथे दारू पेटते त्या भागावर, लोखंडाची जाड कडी तापवून चढविली. आमच्यापैकी ज्यांनी बैलगाडीच्या चाकावर धाव चढविताना पाहिली आहे, त्यांना ही युक्ती लगेच उमजेल. लोहार धाव तापवून लाल करतो, तापल्यामुळे ती किंचित पसरते, चाकावर सहज बसते. मग पाणी ओतले की आकसून लाकडाला अशी आवळते की आरे जागचे हलत नाहीत. ‘ओरेगॉन’ला कडी बसली ती याच न्यायाने. आतली नळी फाटू पाहील, तर बाहेरून आवळलेली कडी तिला धरून ठेवील.

दुसरी तोफ स्टॉक्टनला अमेरिकन हातांनी घडलेली हवी होती. ती न्यू यॉर्कमध्ये तयार झाली. घडीव लोखंडाच्या कांबी एकत्र बांधून, भट्टीत तापवून, घणाखाली एकजीव करायच्या. त्यावर आणखी लोखंड चढवून पुन्हा तापवायचे, पुन्हा ठोकायचे, असे ते काम कित्येक आठवडे चालले. तोफेचे वजन सुमारे २७,००० पौंड भरले. तिच्या नळीला आतून भोक पाडण्याच्या कामावर एरिक्सनचीच देखरेख होती, हेही न्यायाने नमूद केले पाहिजे. पण ‘ओरेगॉन’ला जी कडी होती, ती हिला नव्हती. त्याऐवजी पिछाडीची जाडी वाढविली होती. जाड ते मजबूत, असा साधा हिशेब. या तोफेचे नाव ‘पीसमेकर’. मोजके बार काढून तिची चाचणी पुरी झाल्याचे मानण्यात आले आणि ती नौकेवर चढली.

२८ फेब्रुवारी १८४४. वॉशिंग्टनच्या पोटोमॅक नदीत ‘प्रिन्स्टन’वर मेजवानी होती. सुमारे ४०० पाहुणे, त्यांत राष्ट्राध्यक्ष जॉन टायलर, मंत्री, सिनेटर, परदेशी वकील आणि त्यांची कुटुंबे. माजी राष्ट्राध्यक्षांच्या वृद्ध पत्नी डॉली मॅडिसन याही होत्या. नौका माउंट व्हर्ननच्या दिशेने निघाली. वाटेत ‘पीसमेकर’चे बार झाले, पाहुण्यांनी टाळ्या वाजविल्या. मग मंडळी खाली भोजनाला गेली. परतीच्या वाटेवर नौदलमंत्री टॉमस गिल्मर यांनी आणखी एक बार काढण्याची इच्छा दर्शविली. स्टॉक्टन प्रथम नको म्हणाला, पण मंत्र्यांची इच्छा म्हणजे आज्ञाच, असे मानून तो वर गेला, असे सांगतात. गिल्मर यांना त्या पदावर येऊन जेमतेम दहा दिवस झाले होते.

स्टॉक्टनने दोरी ओढली. तोफेची पिछाडी फाटली आणि डाव्या बाजूला उभ्या असलेल्या लोकांवर तापलेल्या लोखंडाचे तुकडे कोसळले. परराष्ट्रमंत्री एबल अपशर, नौदलमंत्री गिल्मर, नौकाबांधणी खात्याचे प्रमुख कॅप्टन बेव्हर्ली केनन, मेरिलँडचे वकील व मुत्सद्दी व्हर्जिल मॅक्सी आणि न्यू यॉर्कचे डेव्हिड गार्डिनर हे पाच जण जागीच ठार झाले. अपशर हेही पूर्वी नौदलमंत्री होते. सोळा ते वीस जण जखमी झाले. त्यांत स्वतः स्टॉक्टन होता. राष्ट्राध्यक्ष टायलर खालच्या मजल्यावर गाणे ऐकत थांबले होते, म्हणून वाचले.

मृतांत सहावा एक माणूस होता. त्याचे नाव आर्मिस्टेड. तो राष्ट्राध्यक्षांचा खाजगी सेवक, कृष्णवर्णीय गुलाम. मृत मान्यवरांच्या शवपेट्या व्हाइट हाउसच्या पूर्व दालनात ठेवल्या गेल्या, राष्ट्राने शोक केला. आर्मिस्टेडला त्या दालनात जागा नव्हती. पुढे दीर्घकाळ मृतांची यादी देताना कोणी पाच म्हणत, कोणी ‘आणि एक नोकर’ असे म्हणत. या सहाव्या माणसाकडे आम्ही शेवटी पुन्हा येणार आहोत.

आता चौकशीकडे वळू. चौकश्या दोन झाल्या आणि त्यांतला भेद हाच या लेखाचा गाभा आहे.

पहिली चौकशी नौदलाची. अधिकाऱ्यांचे न्यायमंडळ बसले; त्याने माणसांना विचारले. तोफ कोणी केली, चाचणी झाली होती काय, दारू किती भरली होती, कॅप्टनने सावधगिरी बाळगली होती काय. साक्षी झाल्या. स्टॉक्टनने एरिक्सनला साक्षीसाठी वॉशिंग्टनला बोलाविले. एरिक्सन गेला नाही. जी तोफ आपल्या पद्धतीने घडलेली नाही तिचे पाप आपल्या माथी येईल, अशी त्याला धास्ती असावी. न्यायमंडळाने स्टॉक्टनला व त्याच्या अधिकाऱ्यांना पूर्णपणे दोषमुक्त केले. राष्ट्राध्यक्षांनीही याकडे टाळता न येणारा अपघात म्हणूनच पाहिले. सहा माणसे मेली आणि दोष कोणाचाच नाही, असा निकाल लागला.

दुसरी चौकशी फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटची. १८२४ साली स्थापन झालेल्या या संस्थेला अशा कामाचा अनुभव होता. वाफेच्या जहाजांचे बॉयलर फुटून शेकडो प्रवासी मरत होते, तेव्हा १८३०च्या दशकात सरकारी पैशाने त्याचा शोध याच संस्थेने लावला होता. अमेरिकन सरकारने वैज्ञानिक संशोधनाला दिलेले ते पहिले अनुदान मानले जाते. बॉयलर असो वा तोफ, प्रश्न एकच: आतला दाब आणि बाहेरचे लोखंड यांच्या झुंजीत लोखंड का हरले?

या समितीने माणसांपेक्षा लोखंडालाच साक्षीला बोलाविले. फुटलेल्या तुकड्यांचे पृष्ठभाग न्याहाळले. तोफेच्या लोखंडाची ताकद तपासली. तेव्हा जे दिसले ते असे. मूळ लोखंड वाईट नव्हते. परंतु तोफ घडविताना ते फार दीर्घकाळ भट्टीत तापत राहिले, आणि एवढ्या जाड पिंडाला जितका जोरदार घण हवा तितका मिळाला नाही. आज धातुशास्त्र सांगते की, लोखंड फार वेळ लाल तापत ठेवले, तर त्याचे कण वाढून जाडेभरडे होतात आणि त्याचा चिवटपणा जातो. घणाच्या ठोक्यांनी ते कण पुन्हा बारीक व घट्ट होतात. पण ठोका वरच्या थरापुरता राहिला, तर गाभा तसाच कच्चा राहतो. शिवाय कांबी एकमेकींना जोडणारे सांधे कित्येक ठिकाणी नीट जुळलेलेच नव्हते. बाहेरून गुळगुळीत, अखंड दिसणारी तोफ आतून जागोजाग सुटलेली होती.

यात आणखी एक मर्म आहे. घडीव लोखंडाला लाकडासारखे तंतू असतात; तंतूंच्या दिशेने ते बळकट आणि आडवे दुबळे. कांबी लांबीला ठेवून घडविलेल्या तोफेचे तंतू नळीच्या लांबीने धावतात. आणि दारू पेटली की नळी परिघाभोवती फाटू पाहते. पातळ नळीत हा आडवा ताण लांबीच्या ताणाच्या दुप्पट असतो, असे गणित सांगते. म्हणजे जेथे जोर सर्वांत मोठा, तेथेच लोखंड सर्वांत दुबळे. बांबू लांबीला कोयत्याच्या एका घावाने सरळ चिरतो, तसाच हा प्रकार. एरिक्सनच्या कड्यांचे तंतू नेमके नळीभोवती फिरत होते. चिरणाऱ्या बांबूला बाहेरून बांधलेल्या दोरीप्रमाणे त्या तिला धरून ठेवीत. त्या कड्या काढून टाकून केवळ जाडी वाढविली, तेव्हा लोखंड वाढले, पण बळ वाढले नाही. उलट, पिंड जाड झाल्यामुळेच तो अधिक काळ तापवावा लागला आणि घण त्याच्या गाभ्यापर्यंत पोचला नाही. ज्यात सुरक्षितता शोधली, त्यातच घात होता.

समितीचा निष्कर्ष स्पष्ट होता. त्या वेळच्या कारागिरीला एवढी मोठी तोफ या पद्धतीने निर्दोष घडविणे साधत नाही. म्हणून अशा तोफा करणे सोडून द्यावे. समितीने कोणाला फासावर चढवा असे म्हटले नाही. तिने फक्त सांगितले की, हे टाळता आले असते.

या उत्तराचा उपयोग झाला. टॉमस रॉडमन या तरुण सैनिकी अधिकाऱ्याने या दुर्घटनेनंतर तोफ ओतण्याची नवी रीत शोधली. पूर्वी ओतीव तोफ बाहेरून आत थंड होई. रॉडमनने पोकळ गाभ्यातून पाणी खेळवून ती आतून बाहेर थंड केली, म्हणजे शेवटी आकसणारे बाहेरचे थर आतल्या थरांना आपोआप आवळून धरतात. एरिक्सनच्या कड्यांचे तत्त्वच येथे ओतकामात आले. १८४७ साली त्याला या रीतीचे पेटंट मिळाले. नौदलात जॉन डॅलग्रेन यांनी तोफेचा आकारच बदलून, जेथे दाब अधिक तेथे धातू अधिक, अशी बाटलीसारखी तोफ केली.

दोषाचा निवाडा मात्र लोखंडाच्या साक्षीने झाला नाही. स्टॉक्टनची चढती कमान पुढेही चालू राहिली. १८४६ साली कॅलिफोर्नियात तो सेनानी होता, पुढे सिनेटर झाला, एका शहराला त्याचे नाव मिळाले. एरिक्सनने नौकेच्या कामाचे १५,००० डॉलर मागितले. ते स्टॉक्टनने अडविले आणि त्याला कधीच मिळाले नाहीत. १८६१ साली यादवी युद्धात अमेरिकन नौदलाला लोखंडी कवचाची नौका हवी झाली, तेव्हा त्याच एरिक्सनचे पाय धरावे लागले. त्याने ‘मॉनिटर’ बांधली. ९ मार्च १८६२ रोजी ती ‘व्हर्जिनिया’शी झुंजली, तेव्हा तिच्या ११ इंची तोफांत जेमतेम १५ पौंड दारू भरण्याची आज्ञा होती, कारण ‘प्रिन्स्टन’ची आठवण अठरा वर्षांनीही नौदलाच्या मनातून गेली नव्हती. जी चूक ओरडून सांगता आली असती ती दडपली, म्हणून पुढच्या पिढीने चांगल्या तोफेवरही विश्वास ठेवला नाही. दडपलेल्या दोषाची ही किंमत असते: दोष एका वस्तूत असतो, संशय सर्वांवर पसरतो.

आणि ते नाव? तेही मेले नाही. १८७३ साली कोल्टच्या पिस्तुलाला, पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर अणुबाँब वाहणाऱ्या बी-३६ विमानाला ‘पीसमेकर’ हेच नाव मिळाले. १९८६ ते २००५ या काळात अमेरिकेने जी अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रे सज्ज ठेवली, त्यांना ‘पीसकीपर’, शांतिरक्षक, असे म्हणत. पोटोमॅकवरच्या त्या दुपारीनंतरही माणसाला या नावाची लाज वाटली नाही. प्रभूने ज्यांना ईश्वराचे पुत्र म्हटले, त्यांच्या नावाची पाटी लोखंडावर ठोकली, म्हणून लोखंडाचा स्वभाव बदलत नाही. बदलते ती आपली नजर. नाव चांगले असले की आपण आतले सांधे तपासायचे सोडून देतो.

येथे आम्हांला आपल्या श्रद्धेतील एका जुन्या शिस्तीची आठवण होते. प्रायश्चित्त संस्काराआधी ख्रिस्तसभा सदसद्विवेकबुद्धीची तपासणी करायला सांगते. त्या तपासणीत ‘माझा हेतू चांगला होता’ हे उत्तर पुरत नाही. काय मोडले, कोठे मोडले, तडा आधी दिसला होता काय, दिसूनही मी काय केले, असे प्रश्न तेथे विचारावे लागतात. नौदलाच्या न्यायमंडळाने हेतू तपासले आणि सर्वांना निर्दोष ठरविले. फ्रँकलिन इन्स्टिट्यूटच्या समितीने सांधे तपासले आणि सत्य सांगितले. आपल्या पतपेढ्या, आपल्या शाळा, आपली मंडळे, आपले संसार यांत जेव्हा काही फुटते, तेव्हा आपण यांपैकी कोणती चौकशी करतो? बहुधा पहिली. कोणाचे मन दुखू नये, घराण्याचे नाव जाऊ नये, म्हणून आपण ‘दैवाची गोष्ट’ म्हणून फाइल मिटतो. त्यात दयाळूपणा आहे असे आपल्याला वाटते. पण ‘ओरेगॉन’चा तडा पाहून एरिक्सनने तिला कडी घातली, हाच त्या तोफेवरचा खरा उपकार होता. ती आजही ॲनापोलिसच्या नौदल अकादमीत अखंड उभी आहे.

आणि शेवटी आर्मिस्टेड. त्या दिवशी तोफ त्याने मागितली नव्हती, घडविली नव्हती, तिला नाव दिले नव्हते, आणखी एक बार काढा असेही त्याने म्हटले नव्हते. तो तेथे उभा होता, कारण उभे राहणे न राहणे त्याच्या हाती नव्हते. मोठ्यांच्या चुकांची झळ बहुधा अशाच माणसापर्यंत पोचते आणि चौकशीच्या कागदात त्याचेच नाव सर्वांत शेवटी येते, किंवा येतच नाही. संत बार्बरेच्या सणाला, ४ डिसेंबरला, वाचकांपैकी कोणी तिचे स्मरण करील, तर त्या प्रार्थनेत या एका माणसाचे नाव जोडावे, एवढी आमची विनंती आहे.